उतारा कळतो, पण उत्तर कुठे आहे ते सापडत नाही

आयईएलटीएस या इंग्रजी भाषेच्या परीक्षेबद्दल प्रश्न असा आला होता: "आयईएलटीएस अ‍ॅकॅडेमिकची तयारी तीन महिन्यांपासून करतेय. रीडिंगमध्ये ४० पैकी २४-२५ वर अडकले आहे. उतारा वाचला की कळतो. पण 'ही माहिती कोणत्या परिच्छेदात आहे' असं विचारलं की सगळा उतारा पुन्हा चाळावा लागतो आणि तिसऱ्या उताऱ्याला दहा मिनिटंही उरत नाहीत. सगळे सांगतात, स्किमिंग-स्कॅनिंग कर, म्हणजे मजकूर वरवर चाळ आणि हवा तो शब्द नजरेने शोध. ते करूनही सापडत नाही. माझा वाचनाचा वेग कमी आहे का? परीक्षा पाच आठवड्यांवर आहे. ३० च्या वर कसं जायचं?"

आधी वेगाची शंका मिटवू, कारण तीच तुम्हाला चुकीच्या दिशेला नेतेय. अ‍ॅकॅडेमिकच्या तीन उताऱ्यांत मिळून साधारण २,१५० ते २,७५० शब्द असतात आणि वेळ ६० मिनिटं असतो. तुमचा वेग मिनिटाला १५० शब्द धरू. मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ साली १९० अभ्यास एकत्र करून इंग्रजीत मूकवाचन करणाऱ्या प्रौढांची सरासरी काढली, ती माहितीपर मजकुरासाठी मिनिटाला २३८ शब्द आली. म्हणजे मी तुमचा वेग बराच कमी धरलाय. तरीही तिन्ही उतारे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा वाचायला साधारण १८ मिनिटं पुरतात. ४० प्रश्नांसाठी ४२ मिनिटं उरतात. मग तुमची वेळ जाते कुठे? त्याच उताऱ्यात तिसऱ्यांदा, चौथ्यांदा फेऱ्या मारण्यात. वेग वाढवलात तर त्या फेऱ्या वेगाने होतील, एवढंच. डोळ्यांच्या हालचालींवर आयुष्यभर काम केलेले मानसशास्त्रज्ञ कीथ रेनर आणि त्यांचे सहकारी यांनी शीघ्रवाचनाचा एक मोठा आढावा घेतला होता, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्याचंही सांगणं हेच आहे की वेग खूप वाढवला की समज घटते. शीघ्रवाचनाच्या वर्गाला पैसे भरायचा विचार असेल तर सोडून द्या.

माझ्याकडे एक विद्यार्थी होता. अभ्यासू, इंग्रजी चांगलं, आणि तक्रार शब्दशः तुमचीच. मी त्याला म्हटलं, आज उत्तरं महत्त्वाची नाहीत, फक्त नजर जिथे जाईल तिथे पेन्सिलीचं टोक ठेवत जा. शेजारी बसून पाहिलं. प्रत्येक नव्या प्रश्नाला पेन्सिल पहिल्या परिच्छेदाच्या पहिल्या ओळीवर परत जायची. सात प्रश्नांसाठी सात वेळा. त्याला स्वतःला हे माहीतच नव्हतं. तो प्रश्नातला एक शब्द धरायचा आणि तो शब्द उताऱ्यात शोधत सुटायचा. शब्द सापडायचा नाही, कारण तो तिथे नसतोच. परीक्षा घेणारे तो मुद्दाम बदलतात.

तेव्हा खरी अडचण वेगाची नाही. आपण काय शोधतोय ते दिसायला कसं असेल, हे न ठरवताच शोधायला निघणं, ही खरी अडचण आहे. अनोळखी माणसाला स्टेशनवर घ्यायला जायचंय असं समजा. "निळा शर्ट" एवढीच खूण हातात असेल आणि तो शर्ट बदलून आला, तर समोरून गेला तरी कळणार नाही. "उंच, वयस्कर, काठी टेकत चालणारे" असं माहीत असेल तर शर्ट कोणताही असो. उताऱ्यातले शब्द शर्टासारखे आहेत. तुम्हाला चाल ओळखायला शिकायचंय.

पुढचं सगळं सांगण्याआधी एक तपासणी करून घ्या, कारण माझं उत्तर तिच्यावर अवलंबून आहे. सरावाची एक पूर्ण प्रश्नपत्रिका घ्या आणि घड्याळ न लावता सोडवा. लागू देत दोन तास. शब्दकोश मात्र उघडायचा नाही. घड्याळाशिवाय ३४-३५ आले, तर तुमची अडचण शोधण्याची आहे आणि पाच आठवडे भरपूर आहेत. घड्याळ नसतानाही २६-२७ च आले, तर "उतारा कळतो" हे पूर्ण खरं नाही. मग शब्दसंग्रह आणि लांब वाक्यं उलगडणं यावर आधी काम हवं. तसं असेल तर खालच्या गोष्टींनी दोन-तीन गुण वाढतील, पण ३० गाठायला परीक्षा पुढे ढकलणं बरं. (अ‍ॅकॅडेमिकला ३० म्हणजे साधारण ७ बँड, म्हणजे नऊपैकी श्रेणी. जनरल ट्रेनिंग या परीक्षेच्या दुसऱ्या प्रकारात तेवढ्याच ३० ना साधारण ६ मिळतो, म्हणून मैत्रिणीच्या आकड्यांशी तुलना करताना तिने कोणती परीक्षा दिली ते विचारा.)

आता तपासणीचा निकाल पहिल्या प्रकारचा आला असं धरून चालते.

वर्गात मी प्रश्नांचे दोन प्रकार करायला सांगते: खुंटी असलेले आणि खुंटी नसलेले. खुंटी म्हणजे परीक्षकाला बदलता न येणारा किंवा बदलणं फार अवघड असलेला शब्द. व्यक्तीचं नाव, देशाचं नाव, साल, टक्केवारी, एखाद्या प्राण्याचं शास्त्रीय नाव, अवतरणचिन्हातला शब्द, रासायनिक पदार्थ. प्रश्नात अशी खुंटी असेल तर खुशाल स्कॅन करा. तिथे वाचायचं नाही, फक्त नजर फिरवायची. मोठी अक्षरं आणि आकडे पानावर आपोआप उठून दिसतात. जनरल ट्रेनिंगच्या पहिल्या विभागात जाहिराती, सूचना, वेळापत्रकं असे छोटे मजकूर असतात. तिथे बरेचसे प्रश्न खुंटीवाले निघतात, म्हणूनच "स्कॅनिंग कर" हा सल्ला ज्यांनी ती परीक्षा दिलीय त्यांना खरा वाटतो. एक सावधगिरी मात्र ठेवा: सालाचीही वेषांतरं होतात. उताऱ्यात १८५३ असेल आणि प्रश्नात "एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर". आकडा सापडला नाही की लगेच घाबरू नका, त्याचं शब्दरूप शोधा.

तुमचे गुण जातात ते दुसऱ्या प्रकारात. "कोणत्या परिच्छेदात पुढील माहिती आहे?" हा मॅचिंग इन्फर्मेशनचा प्रश्न जवळजवळ नेहमीच खुंटी नसलेला असतो. तिथे स्कॅनिंग करणं म्हणजे नसलेल्या शब्दामागे धावणं. या प्रश्नाची वाक्यं नीट पाहिलीत तर ती पूर्ण वाक्यं नसतातच. ती नामं असतात. "अ रेफरन्स टु...", "अ डिस्क्रिप्शन ऑफ...", "अ कम्पॅरिझन बिट्वीन...", "अ‍ॅन एक्झाम्पल ऑफ...", "द रीझन व्हाय...", "अ प्रिडिक्शन अबाउट...". बहुतेक विद्यार्थी ही सुरुवात ओलांडून पुढच्या "महत्त्वाच्या" शब्दांखाली रेघ मारतात. मी उलट सांगते. पहिली रेघ त्या सुरुवातीच्या नामाखाली मारा. चाल तिथे आहे.

तुलना विचारलीय? मग परिच्छेदात दोन गोष्टी एकमेकींसमोर उभ्या असल्याच पाहिजेत, आणि "दॅन", "व्हेअरअ‍ॅझ", "अनलाइक" किंवा तुलनावाचक विशेषण असणारच. कारण विचारलंय? "बिकॉज", "ड्यू टु", "अ‍ॅझ अ रिझल्ट" किंवा त्यांच्याशिवायही एक घटना आणि तिच्यामागची दुसरी घटना. भाकीत असेल तर क्रियापद भविष्याकडे झुकलेलं दिसेल: "विल", "मे", "इज लाइकली टु". उदाहरण म्हटलं की सामान्य विधानावरून एखाद्या ठराविक गोष्टीवर घसरण होते. आणि "एक्झाम्पल्स" असं अनेकवचन असेल तर एकच उदाहरण देणारा परिच्छेद बाद. या एका "स" वर गुण गेलेले मी फार वेळा पाहिलेत.

नामानंतरचा भाग म्हणजे विषय. "अ कम्पॅरिझन ऑफ कॉस्ट्स" मध्ये तुलना हे रूप आणि खर्च हा विषय. दोन्ही एकाच ठिकाणी जुळले तरच उत्तर. खर्चाचा उल्लेख असलेले परिच्छेद तीन असतील, तुलना असलेले दोन असतील, दोन्ही असलेला एकच असेल. सापळा नेमका असाच लावलेला असतो.

हे कोरडं वाटत असेल, म्हणून एक उतारा घेऊ. मीच रचलाय, मराठीतच देते, कारण शोधण्याची रीत मराठीत करून पाहिली की स्वच्छ दिसते. विषय आहे डबाबंद अन्न.

परिच्छेद ए: निकोला आपेर हा फ्रेंच मिठाईवाला अन्न काचेच्या बाटलीत भरून, बूच घट्ट लावून, बाटली पाण्यात उकळत असे. असं अन्न महिनोन्‌महिने टिकत होतं. १८१० साली फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले, मात्र त्याने ही पद्धत छापून सगळ्यांना खुली करावी असं ठरलं.

परिच्छेद बी: अन्न का टिकतं हे आपेरला ठाऊक नव्हतं. हवा बाहेर राहते म्हणून, असं त्या काळी मानलं जाई. कुजण्यामागे सूक्ष्मजीव असतात आणि उष्णतेने ते मरतात, हे लुई पाश्चर यांच्या कामातून पुढे यायला जवळपास अर्धशतक जावं लागलं.

परिच्छेद सी: १८१० सालीच इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने कथिलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी डब्याचं पेटंट घेतलं. लांबच्या समुद्रप्रवासात काच फुटे. डबा आपटला, पडला तरी आतलं अन्न शाबूत राही.

परिच्छेद डी: सुरुवातीच्या डब्यांचा पत्रा जाड असे आणि झाकण छिन्नी-हातोड्याने कापावं, अशी सूचना वर लिहिलेली असे. डबे उघडण्याचं खास हत्यार १८५० च्या दशकात आलं.

आता प्रश्न. पहिला: "आर्थिक मदतीसोबत घातलेल्या अटीचा उल्लेख." उताऱ्यात "अट" हा शब्द नाही, "मदत" नाही, "आर्थिक" नाही. पण चाल काय? कुणीतरी पैसे देतं आणि त्याबदल्यात काहीतरी करायला लावतं. "मात्र त्याने" इथे ती चाल आहे. उत्तर ए. शब्द शोधणारा इथे हरतो. ज्याने आधीच "पैसा, आणि त्याला जोडलेला पण-मात्र" असं चित्र मनात धरलंय, त्याला पाच सेकंद पुरतात.

दुसरा: "एखाद्या घटनेच्या चुकीच्या स्पष्टीकरणाचा उल्लेख." बी. "चुकीचं" असं उतारा कुठेही म्हणत नाही. तो म्हणतो "असं मानलं जाई" आणि पुढच्या वाक्यात खरं कारण देतो. इंग्रजीत "वॉझ थॉट टु", "इट वॉझ बिलीव्ह्ड दॅट" दिसलं की कान टवकारा. बहुतेक वेळा मागोमाग त्या समजुतीचं खंडन येतं.

तिसऱ्यावर जरा थांबा: "एखादी वस्तू प्रचारात आल्यावर ती वापरणं सोपं करणारं साधन यायला लागलेला विलंब." वर्गात हा प्रश्न दिला की हमखास काही जण बी लिहितात. का? तिथे "अर्धशतक जावं लागलं" असं ठसठशीत लिहिलंय. विलंब! सापडलं! पण तिथला विलंब स्पष्टीकरणाचा आहे, साधनाचा नाही. रूप जुळलं, विषय जुळला नाही. उत्तर डी आहे, आणि डी मध्ये विलंब असा शब्दच नाही, फक्त एक दशक आहे. सी मधलं १८१० आणि डी मधलं १८५० चं दशक मनात शेजारी ठेवली की चाळीस वर्षांची फट दिसते. अवघड प्रश्न असेच बनतात. उताऱ्यात दोन आकडे ठेवतात आणि प्रश्नात त्यांतला फरक विचारतात.

या उदाहरणातून वेषांतराचे नेहमीचे प्रकारही हाताला लागतात. ठराविकाऐवजी सर्वसाधारण शब्द, हा सगळ्यांत जास्त येणारा: १२,००० फ्रँकऐवजी "आर्थिक मदत", छिन्नी-हातोड्याऐवजी "अवजारं", बाटलीऐवजी "पात्र". मग विधानाऐवजी त्याचा अर्थ: "आपटला तरी शाबूत" ऐवजी "टिकाऊपणा". मग क्रियापदाचं नाम होणं, होकाराचं नकार होणं. समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करणाऱ्यांना मी नेहमी सांगते की उतारा आणि प्रश्न यांच्यातलं नातं बऱ्याचदा समानार्थाचं नसतं, छत्री आणि तिच्याखालच्या माणसांचं असतं. प्रश्नात छत्री दिसते, उताऱ्यात माणसं.

आता फेऱ्या कशा थांबवायच्या. इथे एक गोष्ट माहीत असणं फार उपयोगाचं आहे आणि आश्चर्य म्हणजे तीन-तीन महिने तयारी केलेल्यांनाही ती माहीत नसते. काही प्रकारच्या प्रश्नांची उत्तरं उताऱ्यात क्रमाने येतात, काहींची येत नाहीत. ट्रू-फॉल्स-नॉट गिव्हन (विधान बरोबर, चूक, की उताऱ्यात दिलेलंच नाही), यस-नो-नॉट गिव्हन, बहुपर्यायी, वाक्य पूर्ण करा, वाक्याचा शेवट जुळवा, थोडक्यात उत्तर द्या: ही सगळी क्रमाने. सारांशातल्या रिकाम्या जागा किंवा आकृतीची नावं क्रमाने असतीलच असं नाही, पण सहसा उताऱ्याच्या एकाच भागातून येतात. मॅचिंग इन्फर्मेशन, मॅचिंग हेडिंग्ज (परिच्छेदांना शीर्षकं जुळवणं) आणि व्यक्तींशी मतं जुळवणं यांना मात्र क्रम नाही.

म्हणून उताऱ्याखाली मॅचिंग इन्फर्मेशन पहिलं छापलेलं असलं तरी ते शेवटी सोडवा. छापील क्रम पाळायची सक्ती नाही. आधी त्याची पाच-सहा वाक्यं वाचून ठेवा, नामाखाली रेघ मारा आणि पुढे जा. मग क्रमवार प्रश्न घेऊन उताऱ्यात वरून खाली उतरा. क्रमवार प्रश्न म्हणजे दोरी धरून उतरणं. दुसऱ्याचं उत्तर चौथ्या परिच्छेदात मिळालं तर तिसऱ्यासाठी वर जायचं नाही. असं उतरताना तुम्ही उताऱ्याचा बराचसा भाग सावकाश वाचलेला असतो, आणि आधी वाचून ठेवलेली वाक्यं वाटेत स्वतःहून भेटतात. "अरे, हीच ती तुलना." तिथेच अक्षर लिहून टाका. शेवटी दोन-तीनच उरतात, आणि त्यांच्यासाठी कोणते परिच्छेद अजून नीट वाचलेले नाहीत हे तुम्हाला माहीत असतं.

दुसरी सवय नकाशाची. परिच्छेद संपला की समासात तीन-चार शब्द. मराठीत लिहा. कागदावरच्या परीक्षेत प्रश्नपुस्तिकेवर काहीही खरडता येतं, ते कुणी तपासत नाही. वरच्या उताऱ्याचा नकाशा मी असा लिहीन: "बाटली, बक्षीस पण अट", "का टिकतं – चूक, मग पाश्चर", "काच ते पत्रा, जहाज", "उघडायला त्रास". विषय लिहून थांबू नका, परिच्छेद काय करतो तेही लिहा. "डबे" असं चार वेळा लिहिलं तर तो नकाशा नाही. संगणकावरच्या परीक्षेत डावीकडे उतारा, उजवीकडे प्रश्न असतात, आणि मजकूर निवडून रंगवता येतो, टीप जोडता येते. तिथे टिपा टाइप करण्यात वेळ घालवू नका. प्रत्येक परिच्छेदात फक्त एक वळणाचा शब्द रंगवा: "हाउएव्हर", "यट", "दिस चेंज्ड व्हेन". सगळंच पिवळं केलंत तर काहीच पिवळं नाही.

नकाशाला एका उताऱ्यामागे जास्तीची दीड-दोन मिनिटं जातात. ज्यांची स्मरणशक्ती जागेची आहे, म्हणजे "ते पानाच्या खाली उजवीकडे होतं" असं ज्यांना आठवतं, त्यांना लिहायची गरज नसते. तुम्ही कोणत्या प्रकारच्या आहात ते चार उताऱ्यांत कळेल. मला स्वतःला लिहावं लागतं.

"प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं आणि शेवटचं वाक्यच वाच" हा सल्लाही तुम्हाला मिळाला असणार. शीर्षकं जुळवायला तो बऱ्यापैकी चालतो. तपशील शोधायला तो घातक आहे. तपशील परिच्छेदाच्या पोटात असतो, आणि सापळ्यासाठी वापरलेला शब्द पहिल्या वाक्यात ठेवलेला असतो.

नॉट गिव्हनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण शोधण्यात सर्वाधिक मिनिटं खाणारा प्रकार तोच, कारण तिथे नसलेली गोष्ट शोधायची असते. आपल्या उताऱ्यावर विधान घ्या: "ड्युरँडने आपेरचं पुस्तक वाचलं होतं." हे कुठे असायला हवं? ड्युरँडजवळ, म्हणजे सी मध्ये. सी दोनदा सावकाश वाचा. नाही. मागच्या आणि पुढच्या विधानांच्या उत्तरांमधला पट्टाही संपला. नॉट गिव्हन लिहा आणि उठा. असू शकेल अशी जागा एकच आहे, तेव्हा बाकीचा उतारा धुंडाळायचं काही कारण नाही. याउलट "सुरुवातीच्या डब्यांसाठी खास उघडणी उपलब्ध होती" हे विधान डी शी थेट भांडतं, म्हणून फॉल्स. भांडण हवं. नुसता उल्लेख नसणं म्हणजे फॉल्स नाही.

जागा सापडली की वेग एकदम कमी करा. इथे मराठी वाचकाची एक खास अडचण मला दिसते. मराठीत विशेषणवाक्य आधी येतं आणि क्रियापद शेवटी: "ज्या डब्यांवर सूचना लिहिलेली असे ते डबे जाड होते." आपण शेवटाची वाट पाहत वाचतो. इंग्रजीत कर्ता-क्रियापद बऱ्याचदा आधीच येऊन गेलेलं असतं आणि मागे लांब शेपूट असतं. शेपटातला शेवटचा शब्द मनात ठसतो आणि मुख्य विधान निसटतं. सापडलेल्या वाक्यात आधी कोण आणि काय केलं या दोनच गोष्टी पकडा, मग शेपूट वाचा. "नो मोअर दॅन टू वर्ड्स" अशी मर्यादा असेल तर शब्द उताऱ्यातून जसाच्या तसा उतरवा. स्पेलिंग चुकलं की गुण गेला, मग शोधाचे सगळे कष्ट वाया.

वेळेबद्दल थोडक्यात. उतारे सहसा कठीण होत जातात, म्हणून वीस-वीस-वीस अशी वाटणी मला पटत नाही. १७, १९, २४ अशी धरा. एका प्रश्नावर दीड मिनिटापेक्षा जास्त नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा अंदाज लिहा, खूण करा, पुढे व्हा. आणि रीडिंगमध्ये उत्तरं उत्तरपत्रिकेवर उतरवायला वेगळा वेळ मिळत नाही. ऐकण्याच्या कागदी परीक्षेत दहा मिनिटं मिळतात म्हणून इथेही मिळतील, असं समजून फसलेले मी पाहिलेत.

राहिले तुमचे पाच आठवडे. पहिले दोन आठवडे घड्याळ बंद. रोज एकच उतारा, आणि तोही उलटा: उत्तरसूची उघडी ठेवून. उत्तर माहीत आहे, आता ते का आहे ते शोधा. वहीत दोन रकाने करा. डावीकडे प्रश्नातले शब्द, उजवीकडे उताऱ्यातले ज्यांच्यावर उत्तर उभं आहे ते शब्द. डावीकडे "आर्थिक मदत", उजवीकडे "१२,००० फ्रँक". बाजूला एक शब्द लिहा: छत्री, नकार, नाम, आकड्यांतला फरक. विद्यार्थ्यांना हा अभ्यास वाटत नाही, कारण गुण मोजता येत नाहीत, आणि म्हणून ते तो टाळतात. पण शंभरेक ओळी भरल्या की प्रश्न वाचतानाच उजवा रकाना दिसू लागतो.

तिसऱ्या आठवड्यात एक उतारा वीस मिनिटांत, क्रमवार प्रश्न आधी घेऊन. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एकच गोष्ट लिहा: जागाच सापडली नव्हती, की जागा सापडून वाक्य चुकीचं वाचलं? या दोन चुकांचे उपाय वेगळे आहेत आणि बहुतेक जण त्या एकाच डब्यात टाकतात. जागेच्या चुका जास्त असतील तर दोन रकान्यांकडे परत जा. वाचण्याच्या चुका जास्त असतील तर कर्ता-क्रियापद शोधण्याचा सराव वाढवा. शेवटच्या दोन आठवड्यांत आठवड्याला दोन पूर्ण प्रश्नपत्रिका, त्याहून जास्त नाही. उरलेले दिवस त्या दोन्हींची चिरफाड करायला लागतील.

घड्याळाशिवायची तपासणी याच आठवड्यात करा आणि आकडा कळवा. सोबत वहीतल्या पहिल्या वीस ओळी पाठवा, उजवा रकाना कुठे चुकतोय ते त्यावरून सांगता येईल.